गिरडच्या तळ्याकाठची दहा बाय बाराची खोली

नागपूरहून हैदराबादच्या दिशेने निघाले की जाम येथे महामार्ग सोडायचा, समुद्रपूरवरून पूर्वेकडे वळायचे आणि कापूस, तूर व हरभऱ्याच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याने गिरड गाठायचे. वर्धा शहरापासून हे अंतर सुमारे साठ किलोमीटर भरते. सपाट काळ्या रानातून एकाएकी वर आलेली टेकडी आणि तिच्या माथ्यावरील बाबा फरीदांचा दर्गा ही गावाची दुरूनच पटणारी खूण. दर्शनाला येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात आणि परतताना अनेकांच्या मुठीत टेकडीवरचा एखादा गोलसर गोटा असतो.

या गोट्यांची कथा व्यापारी कुटुंबांनी ऐकण्याजोगी आहे. १८७० साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. दोन बंजारे बैलांवर नारळ आणि इतर माल लादून या टेकडीजवळून चालले होते. बंजारा म्हणजे त्या काळचा फिरता घाऊक व्यापारी. त्यांनी टेकडीवरच्या फकिराची थट्टा केली आणि सगळा माल दगड झाला. त्यांनी पाय धरले, तेव्हा फकिराने वाळलेल्या पानांतून नवा माल उभा करून दिला. मग मात्र ते दोघे व्यापाराला परत गेलेच नाहीत. तेथेच सेवेत राहिले. टेकडीवर त्यांच्या म्हणून दोन कबरीही दाखवल्या जातात. भूगर्भशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, पुढे त्यांत पाण्यातून उतरलेली खनिजे साठतात, आणि खडक झिजून गेला की गाठी तेवढ्या उरतात. दोन्ही उत्तरे मला आवडतात. मात्र तारणावरील माल दगड झाला तर कर्जखात्याचे काय, हा प्रश्न चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

याच परिसरात, गावापासून थोड्या अंतरावर, आमच्या कुटुंबाची साडेसात एकर जमीन आहे. आजोबांचे हिंगणघाटला दुकान होते. कापसाच्या व्यवहारात ती जमीन त्यांच्याकडे आली आणि नंतर तीन पिढ्या ती वहीतील एक ओळ होऊन राहिली. शेताच्या पश्चिमेस एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर रोजगाराच्या कामांतून मातीचे असे असंख्य बांध उभे राहिले, त्यांपैकीच हा एक. त्याला नाव नाही. गावकरी नुसते ‘तळं’ म्हणतात. भावंडांत जमिनीचा विषय निघाला तेव्हा ‘तलावदर्शनी फार्म प्लॉट’ पाडू पाहणाऱ्या एका दलालाचा निरोप येऊन पडलेला होता. मुलांचे म्हणणे होते की वर्षातून एकदाही जिथे कोणी मुक्काम करत नाही ती जमीन राखून काय करायचे? प्रश्न रास्त होता. जमीन राखायची तर तिथे राहता आले पाहिजे, आणि राहायचे तर डोक्यावर छप्पर हवे. ते किती मोठे हवे, यावर मात्र घरात बरेच दिवस मतभेद राहिले. धाकट्या पिढीच्या कागदावर दोन शयनगृहे, काचेची भिंत आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. माझ्या कागदावर एकच खोली होती.

आपल्या घरांत परिग्रह-परिमाण हा शब्द नवा नाही. पण मी त्याचा आधार घेतला नाही. तरुणांशी हिशेबाच्या भाषेत बोललेले बरे. म्हणून मी त्यांना दोन जुने हिशेब दाखवले.

पहिला अमेरिकेतील. हेन्री डेव्हिड थोरो याने १८४५ साली मॅसॅच्युसेट्समधील वॉल्डन तळ्याच्या काठी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी एक झोपडी स्वतःच्या हातांनी बांधली आणि तिचा खर्च पुस्तकात कलमवार छापला. फळ्या आठ डॉलर साडेतीन सेंट, जुन्या एक हजार विटा चार डॉलर, काचांसह दोन जुन्या खिडक्या दोन डॉलर त्रेचाळीस सेंट, खिळे तीन डॉलर नव्वद सेंट, असे करत एकूण अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. मी बेरीज तपासून पाहिली, बरोबर आहे. साहित्यिकाच्या हिशेबात ही गोष्ट सहसा आढळत नाही! मात्र या ताळेबंदात दोन रकाने कोरे आहेत. जमीन इमर्सन या मित्राची होती, तिचे भाडे नाही. आणि मजुरी स्वतःची, तिचे मोल लावलेले नाही. दोन वर्षे दोन महिने राहून तो निघून गेला. पुढे ती झोपडी दुसरीकडे हलवली गेली, धान्य साठवण्याच्या कामी आली आणि अखेर मोडली गेली.

दुसरा हिशेब आपल्याच जिल्ह्यातला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात आले. हे सेगाव जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतले. पुढे १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. तेथील पहिली वास्तू, आदि निवास, मीराबेन यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. इंग्रज नौदलातील अॅडमिरलची ही कन्या खेड्यातल्या माणसांकडून मातीचे काम शिकली होती. खर्च पाचशे रुपयांच्या आत राहावा, साहित्य आसपासचे आणि कारागीर गावचे असावेत, ही गांधीजींची अट आश्रमात आजही सांगितली जाते. आज ज्या कुटीला आपण बापू कुटी म्हणून नमस्कार करतो, ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली. पुढे वाढवून ती गांधीजींना दिली गेली. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, आणि भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडे व मोर. साप पकडण्याचा चिमटा आणि पिंजराही तिथे ठेवलेला आहे. तो पाहिला की जुने लोक शेतातील घराकडे किती व्यावहारिक नजरेने पाहत असत ते कळते. साप घरात येणारच. त्याला न मारता बाहेर सोडण्याची सोय घराच्या सामानातच धरलेली.

या दोन हिशेबांतला फरक माझ्या मुलीने एका वाक्यात पकडला. “बाबा, वॉल्डनची झोपडी गेली आणि सेवाग्रामची आहे, कारण तिथे दर वर्षी कोणीतरी ती सारवतं.” ती वास्तुविशारद नाही, कापडाचा व्यवसाय करते. त्या वाक्यानंतर काचेची भिंत आपोआप मागे पडली आणि आम्ही सगळे जागा पाहायला गिरडला गेलो.

जागा पाहताना पहिला पेच पडला तो काठाचा. शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तळ्याचा काठ म्हणजे चित्रातील एक ठळक रेघ असते. पाझर तलावाला अशी रेघ नसते. पाणी साठवून ठेवणे हे त्याचे काम नव्हेच; ते जमिनीत मुरवून खालच्या विहिरी जिवंत ठेवणे हे त्याचे काम. भाद्रपदात तो तुडुंब असतो, दिवाळीनंतर पाणी मागे सरू लागते, होळीपर्यंत ते शंभर-दीडशे पावले आत जाते आणि वैशाखात उरतो तो भेगाळलेला गाळ आणि त्यावर चरणाऱ्या शेळ्या. मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीत कोणी टरबूज लावतो, कोणी भाजीपाला. म्हणजे ज्या काठावर खोली बांधायची तो काठ वर्षभर चालतच असतो. आमच्या मिस्त्रीबाबांनी, सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ मातीच्या भिंती घालणाऱ्या परिसरातील अखेरच्या दोघा-तिघांपैकी एक, माझ्या नकाशाकडे पाहिले आणि म्हटले, “शेठ, तळ्याचा काठ कोनता, थे तळ्यालेच इचाराव लागते.”

तळ्याला विचारण्याची रीत त्यांनीच दाखवली. भरलेल्या तळ्याची कमाल पातळी ठरते ती त्याच्या सांडव्यावरून. सांडव्याच्या माथ्यापर्यंत पाणी चढते आणि मग बाहेर वाहू लागते. म्हणून सांडव्याच्या माथ्याची पातळी आपल्या शेतात आणायची. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. गवंड्याजवळ असते ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर राहते, या एका नियमावर खुंट्या ठोकत ठोकत आम्ही अर्ध्या दिवसात ती पातळी शेतापर्यंत आणली. पण तेवढ्याने भागत नाही. अतिवृष्टीत सांडव्यावरूनही दोन-तीन फूट पाणी वाहते. त्याची साक्ष बाभळीच्या खोडांना अडकलेल्या काडीकचऱ्यात मिळाली आणि गुराख्यांच्या सांगण्याशी ती जुळली. अखेर सांडव्याच्या माथ्यापेक्षा नऊ फूट उंच आणि भरल्या पाण्यापासून सुमारे सत्तर मीटर अंतरावर असलेला मुरमाड उंचवटा पक्का झाला. मुलांना ते अंतर फार वाटले. ओसरीत बसल्यावर पाणी दिसेल, पण पाय बुडवता येणार नाहीत, ही त्यांची तक्रार.

कायद्याचे दोन शब्द येथेच सांगतो, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांची अशी वडिलोपार्जित शेती आहे. तलावासाठी शासनाने संपादित केलेली जमीन पाण्याच्या दिसणाऱ्या कडेपर्यंतच असते असे नाही. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा आपली समजून कोणी पाया खोदू नये. मोजणीच्या खुणा पाहाव्यात आणि तलाठ्याकडून नकाशा घ्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ‘शेतघर’ या संज्ञेत अवजारे, चारा व धान्य ठेवण्याची जागा, गुरांचा निवारा, तसेच कुटुंबीयांचे आणि शेतावरील नोकरांचे राहणे या गोष्टी येतात. हौशी बंगला शेतघर या नावाखाली खपवणे त्यात बसत नाही. पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे नियम सरासरी उच्चतम पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करू देत नाहीत. सिंचनासाठी बांधलेले कृत्रिम तलाव त्या नियमांतून वगळलेले आहेत, त्यामुळे आम्हाला ते लागू नव्हते. तरीही पन्नास मीटर हा आकडा आम्ही आमच्यापुरता पाळला. ‘तलावदर्शनी’ जाहिराती करणाऱ्यांनी तो कधी वाचला आहे की नाही, याची मला शंका आहे.

खोलीचा आकार कागदावर ठरला नाही. उंचवट्यावर चुन्याने रेघा ओढल्या, आत दोन खाटा आणि एक लोखंडी पेटी आणून ठेवली आणि पत्नीसह मी त्या रेघांच्या आत एक पूर्ण दिवस काढला. आठ बाय दहा कोंडल्यासारखे वाटले, बारा बाय पंधरात चालायला उगाच जागा उरली. दहा बाय बारावर आम्ही थांबलो. पुढे तळ्याच्या बाजूस सहा फुटांची ओसरी. फ्रान्समधील नामांकित वास्तुविशारद ल कॉर्बुझिए, ज्याने आपले चंदीगड आखले, त्याने १९५२ साली समुद्रकाठी स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. तिच्या दोन्ही बाजू ३.६६ मीटर, म्हणजे आपले बारा फूट. मोठमोठी शहरे आखणाऱ्याला स्वतःला किती जागा लागली, हे मुलांना सांगण्याचा मोह मला आवरला नाही.

दिशांचा विचार मात्र कठीण गेला. तळे पश्चिमेला आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात पश्चिमेचे ऊन म्हणजे शत्रू. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो. पाण्याकडे मोठी खिडकी ठेवावी तर दुपारी भट्टी. त्यावर उपाय असा निघाला की खोलीची पश्चिम भिंत बिनखिडकीची, दीड फूट जाडीची ठेवायची आणि पाणी पाहायचे ते ओसरीतून. ओसरीचे छप्पर इतके खाली उतरवले की उभ्याने आकाश दिसत नाही, खाटेवर बसले की पाणी दिसते. खोलीच्या खिडक्या दक्षिणेला आणि उत्तरेला, समोरासमोर. चूल ओसरीच्या उत्तर टोकाला. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या कुटुंबाला शेतघरात स्वयंपाकासाठी दिव्याची सोयच लागत नाही, हे आधी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पावसाळ्यात तळ्याकाठी दिवा लावला की त्यावर झडप घालणाऱ्या जीवांची संख्या ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या सोयीचे मोल कळेल. पत्नीने भिंतीत चार देवळ्या मागितल्या: एक गाळलेल्या पाण्याच्या घागरीसाठी, एक पुस्तकांसाठी, एक औषधांसाठी आणि एक रिकामी. रिकामी कशासाठी, असे मी विचारले नाही.

आता पाया. काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते; उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. या मातीवर थेट टेकवलेल्या भिंतींना तडे गेल्याशिवाय राहत नाहीत. उंचवट्यावर काळ्या मातीचा थर तीन फूटच होता. तो पूर्ण काढून खालच्या मुरमापर्यंत चर नेले, त्यांत काळ्या दगडाची भर घातली आणि वर अडीच फुटांचे दगडी जोते बांधले. जोत्याभोवती चार फूट रुंदीचा मुरमाचा उतार दिला, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरत नाही. उधई हा लाकूड-बांबूच्या घराचा खरा वैरी. तिच्यासाठी जमिनीत विष ओतण्याचा सल्ला मिळाला होता. पण ज्या तलावाचा जन्मच पाझरण्यासाठी झाला आहे, त्याच्या वरच्या अंगाला विष ओतणे आम्हाला मान्य नव्हते. दगडी जोते उंच ठेवणे आणि लाकडाचा जमिनीशी कोठेही स्पर्श होऊ न देणे, एवढ्यावर भागवले. मातीची नळी भिंतीवर चढताना दिसली की झाडायची, हे काम अर्थातच कायमचे मागे लागले.

चर खोदताना मुरमात पांढरे गोटे निघाले, टेकडीवर मिळतात त्याच जातीचे. मजुरांनी ते भरावात टाकू दिले नाहीत. बाजूला ढीग करून ठेवला. माल कोणाचा तरी आहे, असे त्यांचे म्हणणे.

भिंतीची माती शेतातली नव्हे. त्या कामाला पांढरी माती लागते आणि ती मिळते जुन्या गावठाणात, पडलेल्या घरांच्या जागी. एका कुटुंबाने जुने घर पाडून योजनेतून घरकुल बांधले होते. त्यांच्याकडून माती आणि कवेलू दोन्ही घेतले. पन्नास-साठ वर्षे एका घराची भिंत असलेली माती भिजवली, तिच्यात गव्हाचे कुटार मिसळले, आठ दिवस रोज पायांनी तुडवली आणि ती पुन्हा भिंत होण्यास तयार झाली. सिमेंटच्या भिंतीला हे जमत नाही. एका वेळी हातभर उंचीचा थर, तो सुकला की पुढचा. या संथपणाला मुले कंटाळली. मला तो आवडला. बांबू आमच्याच बांधावरचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या दृष्टीने ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे तोडणी आणि वाहतूक सोपी झाली आहे. तोडलेला बांबू महिनाभर तळ्याच्या पाण्यात बुडवून ठेवला, की त्यातील गोड अंश निघून जातो आणि भुंगा लागत नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात शंकूच्या आकाराची कवेलू एकात एक गुंतवून केलेल्या कमानीचे छत आम्ही पाहिले होते. लाकडाशिवाय होणारे ते छत मला फार भावले. परंतु पुढे दुरुस्ती करणार गावातलाच माणूस, आणि त्याला येते ते साधे आडे, बांबू व कवेलूचे छप्पर. तेच केले.

खर्चाचा आकडा वाचकांना हवा असणार. मजुरी १,३१,०००, दगड, मुरूम व वाहतूक ३४,०००, लाकूड, दार आणि खिडक्या २१,५००, बांबू, सुतळी, खिळे व चुना ११,५००, कवेलू ९,०००, सौरदिवा आणि पाण्याची टाकी ७,०००. एकूण २,१४,००० रुपये. मातीचे पैसे त्या कुटुंबाने घेतले नाहीत; पत्नीने त्यांच्या घरी लुगडे आणि धान्य पोहोचवले, ते या हिशेबात नाही. स्लॅब टाकून एवढीच जागा बांधण्याचा अंदाज याच्या जवळपास दुप्पट आला होता. त्या अंदाजात सिमेंट, लोखंड आणि विटांचा वाटा मोठा होता. आमच्या हिशेबात एकसष्ट टक्के रक्कम मजुरीची आहे. ती पाच किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या माणसांच्या हातात गेली.

बँकांच्या भाषेत ही खोली ‘कच्ची’ ठरते. तारण म्हणून तिला किंमत नाही. या शब्दाशी माझा जुना परिचय आहे आणि तो मला नेहमीच अपुरा वाटत आला. आदि निवासाला नव्वदी आली. आणि पंचवीस वर्षांत ज्यांच्या स्लॅबच्या सळ्या गंजून बाहेर आल्या, अशी ‘पक्की’ घरे प्रत्येक गावात दाखवता येतील. वाणिज्याच्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे तर पक्क्या घरात भांडवली खर्च सगळा आरंभी होतो आणि घसारा वहीत धरण्याची आपल्याला आठवण राहत नाही. मातीच्या घरात भांडवल थोडे, पण महसुली खर्च दर वर्षी, न चुकता. दर वैशाखात कवेलू फेरायची, दर दिवाळीआधी सारवण. एक वर्ष चुकले तर गळते, तीन वर्षे चुकली तर भिंत बसते. भावंडांच्या बैठकीत मी हेच मांडले: ही खोली बांधणे म्हणजे दर वर्षी दोनदा इथे येण्याचा करार आहे. येणार नसू तर प्लॉट पाडणाऱ्याला होकार द्यावा. मातीची खोली बांधून तिला एकटी सोडणे त्याहून वाईट. धाकट्या भावाने दोन दिवस मागून घेतले आणि होकार दिला. पाळी वाटून घेतली आहे: दिवाळी त्याची, वैशाख माझा.

थोरोच्या हिशेबातील कोऱ्या रकान्यांचा मी आधी उल्लेख केला. आमच्या हिशेबातही एक रकाना होता. शेत राखणारे आमचे सालदार हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरे आणि रोही हाकलण्यासाठी रात्रभर माळ्यावर जागत. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य येथून फार दूर नाही आणि गिरडच्या रानात वाघ दिसल्याची बातमी अधूनमधून येतेच. आम्ही वर्षात वीस-पंचवीस रात्री राहणार आणि ते शंभराहून अधिक रात्री जागणार. म्हणून खोलीची एक किल्ली पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे आहे. पेटीचा अर्धा भाग त्यांच्या सामानाचा. गेल्या पाडव्याला साल ठरवताना त्यांनी पगाराबरोबर आणखी एक मागणी केली: पूर्वेच्या भिंतीत मूठभर आकाराचे एक भोक, म्हणजे आतून शेत दिसेल. नकाशात ते नव्हते. मिस्त्रीबाबांनी ते तासाभरात पाडून दिले. थंडीच्या पहाटे हरभऱ्यावर दव असताना त्यातून पाहिले की शेताच्या कडेला रोह्यांचा कळप उभा असलेला दिसतो, आणि त्यांना हाकलावे की नुसते पाहत राहावे हे काही क्षण ठरत नाही. ते ठरवण्याचे काम माझे नाही, हे बरे.

उन्हाळ्यात तेथे राहून पाहिले. बाहेर पारा पंचेचाळीसवर असताना खोलीत पंख्याशिवाय दुपारी झोप लागली. तळे तेव्हा कोरडे होते. पाण्याच्या जागी भेगांची नक्षी आणि तिच्यावरून चालत जाणारे बगळे. दीडशे पावलांवरच्या विहिरीला मात्र पाणी होते. पहिल्या पावसानंतर बेडकांनी इतका गलका केला की नागपूरची नातवंडे रात्री जागी झाली. सकाळी तळ्यात पाण्याची चकती चमकत होती आणि ओसरीतून तिथपर्यंत मुलांच्या पावलांची ओळ उमटलेली होती.

या वैशाखात छप्पर फेरताना दोनशेच्या आसपास कवेलू बदलावी लागली. बहुतेक फुटकी उत्तरेच्या उतारावरची होती. त्या बाजूला कडुलिंबाची एक फांदी छपरावर आली आहे आणि वानरांचा कळप तिच्यावरून रोज उडी घेतो. वानरांमुळेच गावातील अनेकांनी कवेलू सोडून टिनपत्रे घातली, असे मिस्त्रीबाबा सांगतात. चारशे जादा कवेलू आम्ही खोलीमागे रचून ठेवली आहेत. ती फांदी छाटावी असे धाकट्या भावाचे मत आहे. ओसरीवर दुपारची सावली पडते ती त्याच फांदीची, असे पत्नीचे. दिवाळीची पाळी त्याची आहे, तेव्हा काय ते तोपर्यंत ठरेल.